बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या खेड्यात कुणी अचानक कोसळलं, तर अ‍ॅम्ब्युलन्स येईतो काय करावं?

माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर लगेच छाती दाबायला लागा. बघण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. मधूनच आचके देत घरघरणं म्हणजे श्वास नव्हे, इथंच बहुतेक जण फसतात. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. राज्याच्या सीमेवर मोबाईलला पलीकडच्या राज्याचा टॉवर लागू शकतो, म्हणून गावासोबत तालुका, जिल्हा नि राज्यही सांगायचं. कॉटवरून खाली घ्या, नाहीतर सगळा जोर गादीतच जिरतो. छातीच्या मधोमध तळव्याचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, हृदयात रक्त तेव्हाच भरतं. हात २ मिनिटांतच दमतात, माणूस बदला. बरगडी कडकडली तरी थांबू नका. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं अजिबात नको. मात्र बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर नुसतं दाबणं पुरत नाही, शिकलेलं कुणी असल्यास ३० दाबांमागे तोंडानं २ श्वास द्यावेत.