स्टिअरिंगवरची बटणं मुकी

प्रश्न : गुहागरला असतो. गणपतीआधी गाडीत नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. गाणी झकास वाजतात, पण स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं बंद पडली. बसवणारा म्हणतो, ‘ती आता विसरा.’
— एक वाचक

उत्तर : विसरू नका हो! चिपळुणात बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडतोय. असल्या दहातल्या सात गाड्यांत नुसती वायर लोंबकळत असते.

स्टिरिओच्या मागे ‘की-१’ आणि ‘की-२’ लिहिलेल्या दोन बारीक वायरी शोधा. बहुतेक जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, असतो. स्टिरिओचा सॉकेट काढून, स्टिअरिंगकडून येणारी वायर आणि अर्थची वायर (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली) यांमध्ये मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे हा अडथळा (रेझिस्टन्स) मोजायच्या खुणेवर, लावा. बटणागणिक आकडा बदलला की वायर सापडली. ती ‘की-१’ला जोडा, अर्थची वायर पक्की करा. मग सेटिंगमध्ये स्टिअरिंगचं पान उघडून एकेक बटण स्टिरिओला शिकवायचं.

आकडा हलतच नसेल तर सिग्नल बहुधा डिजिटल आहे. तिथे गाडीच्या मॉडेलचा कॅन-बस डिकोडरच (गाडीचे डिजिटल संदेश स्टिरिओला समजावणारा डबा) लागेल, जुगाड नको.

आणि आपल्याकडची खरी खोड म्हणजे खारा वारा. सांध्यावर हिरवा कळंक चढला की रेझिस्टन्स वाढतो आणि स्टिरिओला एक बटण दुसरंच वाटतं. मग आवाज वाढवायला जावं तर गाणंच बदलतं. वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावू नका, सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा.

स्टिअरिंग मात्र स्वतः उघडू नका. आत एअरबॅग आहे.