सहा खोल्यांचं घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उपनगरात सहा खोल्यांचं, अंगण असलेलं प्रशस्त घर मिळतंय. राहता फ्लॅट विकून आणि सगळ्या ठेवी मोडून डाउन पेमेंट भरायचं, बाकीच्या रकमेसाठी ९ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज घ्यायचं. हप्ता दोघांच्या मिळून पगाराच्या ४५ टक्के. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, आणि सासूबाई आता तुमच्याकडेच राहायला येणार आहेत.

माझं मत स्पष्ट सांगतो: हे घर घेऊ नका. तो परिसर मात्र सोडू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घराबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात. गल्लीबद्दल मात्र पानभर: झाडांची सावली, चालत जाता येईल असं वाचनालय, अंधार पडेपर्यंत बाहेर खेळणारी मुलं, सासूबाईंना फिरायला सपाट रस्ता. तुमचा जीव गुंतलाय तो त्या गल्लीत, आणि त्याच गल्लीत तीन-चार खोल्यांचं घरही असू शकतं.

आता हप्त्याचं बघू. तुमचे पगार जवळपास सारखे आहेत. उद्या एकाची नोकरी गेली किंवा सासूबाईंच्या आजारपणात कुणाला रजा घ्यावी लागली, तर ४५ टक्क्यांचा हप्ता उरलेल्या एका पगाराच्या ९० टक्के होतो. ठेवी तर आधीच मोडलेल्या असणार. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. शिवाय या दराने १०० कर्जाऊ घेतले तर २० वर्षांत सुमारे २१६ फेडावे लागतात, आणि १० वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही मुद्दल जवळपास ७१ शिल्लक असतं. तोवर मुलगी शिकून बाहेर पडलेली असेल, मुलगाही त्याच वाटेवर असेल.

मोठं घर विकत घेऊन खर्च संपत नाही. डागडुजीसाठी घराच्या किमतीच्या साधारण १ टक्का दरवर्षी बाजूला काढावा, असा ढोबळ आडाखा आहे. घर जुनं असेल तर जास्तच. एका कुटुंबाच्या अशाच घरात वरच्या दोन खोल्या कायम बंद असायच्या. दार उघडलं तेव्हा भिंतीचे पोपडे गादीवर पडले होते आणि कोपऱ्यात ओल धरली होती. छत गळतंय हे वर्षभर कुणाला कळलंच नव्हतं, कारण वर कुणी जातच नव्हतं. जमिनीची किंमत वाढू शकते; बांधकाम झिजतच जातं.

आणि प्रवास. दोघांनाही जायला-यायला मिळून रोज दीड तास जास्त लागणार, म्हणजे महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर प्रत्येकाचे ३३ तास. अंधार पडेपर्यंत खेळणारी मुलं बघायला तुम्ही घरी असाल का?

मी तुमच्या जागी असतो तर फ्लॅट भाड्याने दिला असता आणि त्याच परिसरात वर्षभर भाड्याने राहिलो असतो. सासूबाईंना तिथे करमतं का, पावसात रस्ता कसा असतो, शाळेची वेळ कशी जमते, सगळं कळतं. नंतर घर घ्यायचंच ठरलं तर हप्ता पगारांच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतक्या ठेवींना हात लावू नका. तिथे भाड्याच्या घराची चौकशी या आठवड्यातच सुरू करा. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत हलता आलं तर मुलांना सोपं जाईल.