धुळ्याचा पिनकोड मूळ संख्या आहे का?

प्रश्न : धुळ्याचा पिनकोड ४२४००१ ही मूळ संख्या आहे, असं मुलगा म्हणतो. माझ्या कॅल्क्युलेटरवर ५३ ने भागलं तर बरोबर ८००० येतात. खरं कोणाचं? जमल्यास जळगाव (४२५००१) आणि नंदुरबारचंही (४२५४१२) सांगा.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : मुलाचं खरं. ५३ × ८००० = ४२४०००, म्हणजे एक उरतो. भागाकार ८०००.०१८… येतो, पण दशांशस्थळं शून्यावर ठेवली असतील तर नुसते ८००० दिसतात. पूर्ण भाग गेल्यासारखा वाटला की उलट गुणून बघावं.

बहुतेकांची चूक होते ती तपासणी थांबवण्यात. शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून सोडून देतात. भागून बघायचं ते संख्येच्या वर्गमुळापर्यंत. ६५१ चा वर्ग ४,२३,८०१ आणि ६५२ चा ४,२५,१०४. म्हणजे ६५१ पर्यंत जायलाच हवं. तिथवर ११८ मूळ संख्या आहेत, शेवटची ६४७. २, ३, ५ नेहमीच्या कसोट्यांनी बाद. ७, ११, १३ एका फटक्यात तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१ : डावीकडच्या तीन अंकांतून उजवीकडचे तीन वजा करा. ४२४ − १ = ४२३; याला तिघांपैकी कोणीच भाग लावत नाही.

उरले ११२ भागाकार. ते टाळायचे तर गणितज्ञ ऑयलरची रीत वापरावी. ४ ने भागल्यावर १ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे मांडता आली, आणि त्या वर्गमुळांत १ शिवाय सामाईक विभाजक नसला, तर ती मूळ. इथे ५ ने भागून १ उरतो, म्हणून दोहोंपैकी एक वर्गमूळ ५ च्या पटीत असणार. मग दुसरं २५ च्या पटीहून एकाने कमी किंवा जास्त. ३ ने भागून २ उरतात, त्यामुळे ३ च्या पटीतलं कुठलंच चालत नाही. अशी ३५ वर्गमुळं तपासली की एकच जोडी हाती लागते :

१९९² + ६२०² = ३९,६०१ + ३,८४,४०० = ४,२४,००१

‘एकच’ ही अट विसरू नये. एक जोडी सापडली म्हणून थांबलात तर काहीच सिद्ध होत नाही; ६५ = १² + ८² = ४² + ७², आणि ६५ मूळ नाही.

जळगावचं काम सोपं. अंकांची बेरीज १२, म्हणून ४२५००१ = ३ × १४१६६७. हा १४१६६७ मूळ आहे (तपासणी ३७३ पर्यंत). विभाजक चारच.

नंदुरबार मात्र श्रीमंत. ४२५ − ४१२ = १३, म्हणजे १३ ने भाग जातो हे भागाकार न करताच कळतं. शेवटचे अंक १२, म्हणून ४ ने. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने. ३६ ने भागून ११८१७, पुन्हा ९ ने भागून १३१३, म्हणजेच १३ × १०१. एकूण २² × ३⁴ × १३ × १०१. घातांकांत एकेक मिळवून गुणा : ३ × ५ × २ × २ = ६० विभाजक. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ७,८४,१०४ भरते, संख्येहून कितीतरी जास्त. शिवाय अंकांच्या बेरजेने, १८ ने, भाग जाऊन २३६३४ येतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘हर्षद’ म्हणत. धुळे-जळगाव या कसोटीत बसत नाहीत.