मुलांच्या यकृतातली चरबी : भूल देण्याआधी हे विचारा

मुलांच्या फॅटी लिव्हरबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत घोळ तोच आहे: सोनोग्राफीवर किती विसंबायचं, एमआरआय कधी करायचा आणि त्यासाठी भूल द्यायची का. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेते.

मुलगा ११ वर्षांचा, वजन जास्त. सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' आलं. लगेच एमआरआय करू का? (नाशिक)

नको. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफीतली ग्रेड हा नजरेचा अंदाज असतो. थोडी चरबी तिच्यात दिसतही नाही. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासून घ्या. मुलग्यांसाठी त्याची वरची मर्यादा २६ आणि मुलींसाठी २२ धरतात. लॅबच्या कागदावर ४० छापलेलं असतं, म्हणून 'नॉर्मल' समजून फाईल मिटवू नका.

एमआरआयमध्ये क्ष-किरण असतात का? इंजेक्शन द्यावं लागतं का?

क्ष-किरण नसतात. नुसती चरबी मोजायला इंजेक्शनही लागत नाही.

मुलगी ७ वर्षांची. तिला श्वास रोखून धरता येणार नाही, म्हणून सेंटरवाले भूल द्यायची म्हणतात. द्यावी का? (कोल्हापूर)

निव्वळ चरबी मोजण्यासाठी? संमतीपत्रावर सही करण्याआधी थांबा.

चरबीतल्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनचे संदेश किंचित वेगळ्या वारंवारतेवर येतात. मशीन ते लागोपाठ अनेकदा टिपून त्यातला चरबीचा वाटा टक्क्यांत काढतं. हाच रिपोर्टमधला 'पीडीएफएफ'. तो ५ टक्क्यांच्या वर गेला की यकृतात चरबी आहे असं ढोबळमानाने धरतात. नेहमीच्या पद्धतीत ही माहिती समांतर ओळींनी गोळा होते आणि तेवढा वेळ, साधारण १५-२० सेकंद, श्वास रोखावा लागतो. मुलाने मधेच श्वास घेतला की यकृत खाली-वर सरकतं आणि पोटाच्या भिंतीच्या सावल्या त्याच्यावर उमटतात. अशा सावलीवर मोजलेला आकडा कुचकामी.

'रेडियल' पद्धतीत ओळी सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या मध्यातून जातात. हालचालीचा दोष एका दिशेला साचत नाही, पसरून फिका पडतो. मध्याची माहिती पुन्हापुन्हा मिळत असल्याने, श्वास सोडलेला असतानाची तेवढीच निवडूनही घेता येते. मूल नेहमीसारखा श्वास घेत काही मिनिटं पडून राहिलं की काम होतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी आणि यकृतात चरबी असलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांवर ही पद्धत वापरून दाखवली आहे.

कूस बदलणं, पाय झाडणं मात्र या पद्धतीलाही झेपत नाही. त्यामुळे घरी सराव करून घ्या: मशीनचा ठकठक आवाज मोबाईलवर ऐकवा, हात डोक्यावर घेऊन स्वस्थ पडून राहायला शिकवा. सेंटरला स्पष्ट विचारा, "फ्री ब्रीदिंग पीडीएफएफ, म्हणजे श्वास न रोखता चरबी मोजणं, होतं का?" होत नसेल तर मोठ्या शहरातल्या बाल रुग्णालयात चौकशी करा. सोय नाही हे न सांगता सरळ भूल पॅकेजमध्ये घालणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. इतर कारणासाठी भूल खरोखर लागणार असेल, तर तो निर्णय तुमचे बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी घ्यायचा.

आणि मुलगी लठ्ठ नसेल तर टक्केवारी नंतर. आधी विल्सनसारखे (यात यकृतात तांबं साठतं) आजार वगळायला हवेत. त्यात उशीर नको.

आधी १२ टक्के चरबी होती, सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरमध्ये ११ आली. सुधारणा झाली ना?

एवढा फरक मोजण्यातही पडतो. शिवाय यकृत किती कडक झालंय हे या आकड्यातून कळत नाही, त्याला इलास्टोग्राफी लागते. दोन्ही रिपोर्ट बालयकृततज्ज्ञांना दाखवा.

मेडिकलवाल्याने लिव्हर टॉनिक दिलंय. शेजारी म्हणतात, उंची वाढली की चरबी आपोआप उतरेल.

टॉनिकने ही चरबी उतरते याला भरवशाचा पुरावा नाही. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, आत काय आहे ते त्यांना बघू द्या. शेजाऱ्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरून घातलेली साखर आणि फळांचे रस सगळ्या घराच्याच जेवणातून जवळपास काढून टाकले. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी सरासरी २५ वरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २०. हे मोजलं एमआरआयनेच. तेव्हा बिस्किटं, टेट्रापॅकमधला ज्यूस आणि दुधातली चॉकलेट पावडर आधी थांबवा, आणि आहारतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.