बसवर कॅमेरे लावले की बस लेन आणि स्टॉप खरंच मोकळे राहतात का? न्यूयॉर्कचा अनुभव काय आणि पुण्यात हे चालेल का?

हो, फरक पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. मी मॅनहॅटनमध्ये राहते, कामाला एम१५ ने जाते. फर्स्ट आणि सेकंड अव्हेन्यूवरची ही बस, इथल्या सगळ्यात गर्दीच्या रूटपैकी एक, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एमटीएने, म्हणजे इथल्या बस चालवणाऱ्या संस्थेने, बसवर कॅमेरे लावायला सुरुवात केली तीच या रूटपासून.

लोकांना वाटतं फोटो निघाला की लगेच चलान. तसं नाहीये. लेनमध्ये गाडी उभी दिसली की बस जाता जाता तिची नंबरप्लेट, छोटा व्हिडिओ, वेळ आणि जागा टिपते, ते सगळं शहराच्या ट्रान्सपोर्टेशन खात्याकडे जातं, तिथे तपासलं जातं आणि मग मालकाच्या घरी नोटीस येते. वळण्यापुरती लेनमध्ये आलेली गाडी उगाच अडकू नये म्हणून एकाच फोटोवर दंड होत नाही. नवीन रूटवर पहिले ६० दिवस तर फक्त वॉर्निंग. नंतर पहिल्यांदा ५० डॉलर, आणि बारा महिन्यांत परत परत सापडलात तर वाढत वाढत २५० पर्यंत.

मॅनहॅटनमध्ये गाडी घेऊन फिरणाऱ्याला ५० डॉलर म्हणजे काही जड नाही. पण आधी कसं व्हायचं, पोलीस दिसत नाही ना मग लाव पाच मिनिटं, कॉफी घेऊन येतो. आता मागून येणारी प्रत्येक बसच बघत्ये म्हटल्यावर ती पाच मिनिटं महाग पडतात. एमटीए सांगते की कॅमेऱ्यांच्या रूटवर बसचा वेग सरासरी ५ टक्के वाढला. ऐकायला कमी वाटेल, पण इथे बस मुळातच ताशी १३ किलोमीटरच्या आसपास चालते आणि एक बस अडकली की पुढच्या स्टॉपवर गर्दी साठते, ती चढवण्यात तिला अजून उशीर होतो, तोवर मागची रिकामी बस तिला येऊन चिकटते, म्हणजे वीस मिनिटं काहीच नाही आणि मग दोन एकदम. लेन मोकळी राहिली की हे कमी होतं आणि रोजच्या माणसाला वेगापेक्षा तेच जास्त जाणवतं.

माझ्या दृष्टीने खरा मोठा बदल जून २०२४ चा. तेव्हापासून हेच कॅमेरे बस स्टॉपवर उभ्या असलेल्या आणि डबल पार्क केलेल्या, म्हणजे कडेच्या गाड्यांना समांतर रस्त्यातच लावलेल्या, गाड्याही पकडतात. स्टॉपवर गाडी असली की बस फुटपाथला लागतच नाही, मग रॅम्प उघडणार कुठे? व्हीलचेअरवरच्या माणसाला, काठी घेऊन चालणाऱ्या आजीला चालत्या ट्रॅफिकमध्ये उतरून बस गाठावी लागते. हे बघितलं की खूप चीड येते आणि म्हणूनच मी या कॅमेऱ्यांच्या बाजूने इतकं बोलते.

सगळं छान आहे असं मात्र नाही. २०२४ मध्येच नवीन जोडलेल्या रूटवर हजारो चुकीच्या नोटिसा गेल्या, नियमात उभ्या असलेल्या गाड्यांनासुद्धा, त्या नंतर रद्द करून पैसे परत द्यावे लागले. शिवाय नंबरप्लेट झाकणारे, खोटी प्लेट लावणारे सुटतातच. आणि डिलिव्हरीच्या ट्रकला माल उतरवायला जागाच दिली नाही तर तो दंड खर्चात धरून तिथेच उभा राहणार, त्याला कॅमेरा काय करणार.

आता पुण्याचं. कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, २००६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपण बघतोय, लेनमध्ये टू-व्हीलर घुसतात, वॉर्डन एकाला अडवतो तोवर चार निघून जातात. अशा लेनवर कॅमेरा नक्की उपयोगी, पण आपली अडचण पकडण्याची कमी आणि वसुलीची जास्त आहे. ई-चलानचा मेसेज येतो आणि लोक लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून थांबतात. न्यूयॉर्कमध्ये थकबाकी ३५० डॉलरच्या वर गेली की गाडीला जॅमर लागू शकतो किंवा गाडी उचलून नेतात. असं काही मागे नसेल तर पुण्यात बसवर कितीही कॅमेरे लावा, फक्त न भरलेल्या चलानांची यादी वाढेल.

मला विचाराल तर पुण्यात सुरुवात स्टॉपपासून करावी. लेन फार थोड्या रस्त्यांवर आहे, स्टॉप सगळीकडे आहेत, आणि रिक्षा, टेम्पो, कार लावलेल्या असल्याने पीएमपीची बस रस्त्याच्या मधोमध थांबते हे रोजचंच. एक गर्दीचा रूट घ्यावा, स्टॉपची हद्द ठळक रंगवावी, शेजारी रिक्षा स्टँड आणि टेम्पोला माल उतरवायची जागा आखून द्यावी, दोन महिने नुसती वॉर्निंग द्यावी आणि चुकीचं चलान आलं तर मोबाईलवरूनच व्हिडिओ बघून तक्रार करता यावी. ही शेवटची सोय पहिल्या दिवसापासून हवी, कारण सुरुवातीला चुका होणारच.