जुन्या हातघडणीच्या काचेच्या गोट्या: कोणी केल्या हे कसे ठरवावे

शिवाजी पेठेतील आपल्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात ज्या काचेच्या गोट्या सापडल्या, त्या कोणी केल्या असाव्यात, आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारातील विक्रेत्याने त्यांतील एकीला 'लुट्झची' व दुसरीला 'इंडियन, म्हणजे आपल्याकडचीच' म्हटले त्यात कितपत तथ्य आहे, असे आपण विचारले आहे. दोन्ही नावे व्यापारातली आहेत आणि कर्त्याविषयी ती काहीच सांगत नाहीत. हाताने केलेल्या जुन्या गोटीवरून पद्धत, प्रदेश आणि साधारण काळ बऱ्याच खात्रीने सांगता येतो, पण कारागिराचे नाव क्वचितच.

याचे कारण त्या बनवण्याच्या रीतीत आहे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे गाव आहे. तेथे 1597 पासून काचकाम चालत आले आणि 1846 च्या सुमारास तेथील ग्रायनर घराण्यातील कारागिराने गोट्यांसाठी खास कात्री काढली. रंगीत काचेचे धागे स्वच्छ काचेत गुंडाळून, पीळ देत लांब कांडी ओढायची, तिचे टोक तापवून कात्रीच्या वाटीसारख्या भागात फिरवून गोल करायचे आणि तेवढा तुकडा कांडीपासून तोडायचा, अशी ती रीत. एकाच गावातले अनेक हात त्याच प्रकारच्या कांड्यांपासून त्याच नमुन्यांच्या गोट्या करत होते आणि गोटीवर सही किंवा शिक्का घालण्याची प्रथा नव्हती. त्यामुळे 'लाउशा परिसर, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते पहिले महायुद्ध' इथपर्यंत प्रामाणिकपणे पोचता येते. त्यापुढचे नाव कोणी ठामपणे सांगितले, तर मूळ खोका किंवा कागदी लेबल दाखवायला सांगावे.

तपासणीची सुरुवात तोडखुणेपासून करावी. संग्राहक तिला पाँटिल म्हणतात. गुजरीतल्या कोणत्याही सराफाकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळेल. ते डोळ्याशी धरून, गोटी तिरप्या उजेडात सावकाश फिरवावी. कांडीपासून तोडलेल्या गोटीला समोरासमोर दोन खुणा असतात. त्या कधी खरखरीत, टोचणाऱ्या कडांच्या असतात, कधी घासून सपाट पैलू पाडलेल्या, तर कधी पुन्हा आच देऊन वितळवलेल्या. आतले धागे एका खुणेपासून निघून पीळ घेत दुसऱ्या खुणेशी मिळत असतील, तर ती कांडीची गोटी आहे हे जवळजवळ नक्की समजावे. कांडीच्या टोकाच्या गोटीत मात्र धागे मध्येच संपलेले किंवा एका बाजूला सरकलेले दिसतात. ते पाहून तिला खोटी ठरवण्याची घाई करू नये.

एकच खूण असेल तर ती गोटी बहुधा सळईच्या टोकावर काच गोळा करून एकेक घडवलेली असते. ज्यांच्या पोटात प्राण्याची किंवा माणसाची पांढरी आकृती असते, त्या याच जातीच्या. ती आकृती चांदीसारखी चमकते, पण ती चांदी नव्हे. चिनी मातीच्या मूर्तीभोवती अडकलेल्या हवेच्या पातळ थरामुळे तसे दिसते. या प्रकाराच्या नव्या नकला भरपूर निघाल्या आहेत, म्हणून आकृती पाहून हुरळून जाण्याआधी खूण आणि पृष्ठभागावरची झीज पाहावी.

आता विक्रेत्याच्या दोन नावांकडे वळू. निकोलस लुट्झ हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथे बोस्टन अँड सँडविच कंपनीत काम करणारा नामांकित काचकारागीर होता. तांब्याच्या कणांनी सोनेरी चमकणारी काच तो वापरत असे, एवढ्यावरून तशी काच असलेल्या गोट्यांना त्याचे नाव चिकटले. प्रत्यक्षात त्या जर्मनीतच झाल्या. 'इंडियन' गोटीचा पाया काळा अपारदर्शक दिसतो आणि वर रंगीत पट्टे असतात. तीही जर्मनच आहे, हिंदुस्थानाशी तिचा संबंध नाही. तीव्र उजेडासमोर धरल्यास काहींचा काळेपणा जांभळा किंवा गडद हिरवा निघतो, तो अवश्य पाहावा.

कर्त्याचे नाव घेता येते असा एक मोठा अपवाद अमेरिकेतील आहे. ओहायोतील अ‍ॅक्रन येथे मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेनसेन यांना 1905 मध्ये गोट्या गोल करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. तेथे काच हाताने गोळा करून यंत्रावर सोडली जाई. ती सोडताना दिलेल्या वळशामुळे वरच्या बाजूस इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा वळसा आणि खाली कापल्याची शेपटी उमटते. दोन रंगांच्या मिश्र काचेवर हे दोन्ही ठळक दिसले, तर ख्रिस्टेनसेन यांचे नाव घ्यायला आधार आहे.

डब्यातील फिकट निळसर-हिरव्या, आत काहीही नसलेल्या गोट्यांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्या गोटी सोड्याच्या बाटल्यांतून निघालेल्या असण्याचा संभव फार मोठा आहे. हायरम कॉड यांच्या 1872 च्या पेटंटाची ही बाटली आपल्या गाड्यांवर वर्षानुवर्षे फुटत आली आहे आणि फुटलेल्या बाटलीतली गोटी कोणत्या पोराने सोडली? स्वच्छ काचेत रंगीत पाकळ्या असलेल्या, तोडखूण नसलेल्या गोट्या दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून सुरू झालेल्या यंत्राच्या प्रकारातल्या असतात. एकाच डब्यात निरनिराळ्या काळांचा माल असणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून एका गोटीवरून सगळ्या डब्याचा काळ ठरवू नये.

एक विनंती आग्रहाने करतो. कोणी पॉलिश करून देतो म्हणाले तरी देऊ नये. घासताना पहिली जाते ती तोडखूण, आणि तिच्याबरोबर ओळखीचा मुख्य पुरावा व किमतीचा मोठा भागही जातो. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. सोनेरी कणांची जी गोटी आपण एका बाजूने दाखवली आहे, तिची दोन्ही टोके दिवसाच्या उजेडात जवळून टिपून पाठवावीत. तोपर्यंत तिच्या चिठ्ठीवर लुट्झचे नाव लिहू नये.