कालवडच हवी? भ्रूणाचे लिंग ओळखणाऱ्या प्रतिपिंडांविषयी

प्रश्न : गोठ्यात भ्रूण प्रत्यारोपण करायचे आहे. प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले की कालवडच होते, असे ऐकले. खरे आहे का? त्याने भ्रूणाला इजा होते का?

उत्तर : इंजेक्शनाची गोष्ट आधी मनातून काढून टाका. कालवड की गोऱ्हा, हे फलनाच्या वेळीच ठरते. वाय गुणसूत्राचा शुक्राणू पोहोचला तर गोऱ्हा. नंतर कोणतेही औषध ते बदलत नाही. प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, लिंग फक्त ओळखतात, तेही गाईच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेत.

रेतनानंतर सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढतात. नर भ्रूणाच्या पेशींवर एच-वाय नावाचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो पदार्थ, असते. त्याचा सुगावा १९५५ मध्ये उंदरांवरील प्रयोगात लागला: एकाच शुद्ध वाणातल्या नराची त्वचा मादीला लावली, तर मादीचे शरीर ती नाकारत होते. या प्रतिजनाला चिकटणारी प्रतिपिंडे भ्रूणासोबत ठेवायची, मग चमकणारा रंग जोडलेली दुसरी प्रतिपिंडे घालायची. विशेष सूक्ष्मदर्शकाखाली चमकला तो नर, न चमकला ती मादी. भ्रूण कापावा लागत नाही, ही यातली मोठी जमेची बाजू. मात्र प्रतिपिंडांसोबत कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातील प्रथिने वापरली, तर नर भ्रूणाच्या पेशी फुटतात. उत्तम वंशाचा वळू तयार करायचा असेल, तर त्या वाटेला जाऊच नका.

चमक पाहून निर्णय घेणे सोपे नसते. अंधूक चमकणारे भ्रूण असतात, मेलेल्या पेशीही रंग धरतात. त्यामुळे दहापैकी साधारण आठच निदाने बरोबर येतात. एका गाईत दोन भ्रूण सोडणार असाल तर ही चूक फार महागात पडते: नर-मादी जुळे वाढले, तर त्यातल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक कालवडी वांझ निघतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की साध्या गोठ्यासाठी लिंगवर्गीकृत रेतमात्राच (कालवड देणारे शुक्राणू वेगळे काढलेले वीर्य) घ्या. सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. गर्भधारणा थोडी कमी राहते, म्हणून ती निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडींना वापरा. भ्रूणच तपासायचे असतील तर भ्रूणातल्या काही पेशी काढून केलेली पीसीआर चाचणी (पेशींतला डीएनए तपासणारी) अधिक खात्रीची आहे. पण तिला कुशल हात लागतात, आणि पेशी काढलेला भ्रूण गोठवण्याला कमी टिकतो. त्यामुळे भ्रूण काढण्याच्या दिवशीच माजाची वेळ जुळलेल्या गाई तयार ठेवा.